डावी बाजू उघडी

गुडघ्याने खेळ थांबवला तेव्हा मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होते. वडील तारापूरच्या वीज प्रकल्पात कामाला. तिथल्या वसाहतीच्या कोर्टवर मी बास्केटबॉल शिकले होते. पुढे बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागले, पण तिथे जीव रमेना. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि पालघरच्या एका कॉलेजात मुलींची प्रशिक्षक झाले. नेमणूक वर्षावर्षाची. दर जूनमध्ये पत्र येईपर्यंत माझं कशातच लक्ष लागत नसे.

तिथे किनाऱ्यावरच्या दांडी गावची एक मुलगी होती. उंच, अबोल, आणि चेंडू हातात आला की समोरच्या संघाच्या पाचही जणी कुठे आहेत हे न बघता सांगणारी. सरावामुळे घरी पोचायला उशीर होतो म्हणून आईने खेळ बंद केला. मी दांडीला गेले. आई बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. माझं सगळं बोलणं तिने हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं.

“आदी तुमी सांगा,” ती म्हणाली, “तुमी किती दिवस हाय इथं?”

मी म्हटलं, जूनपर्यंत नक्की. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी मुलगी सरावाला आली.

जून उजाडलाच नाही. डिसेंबरअखेर पुण्याच्या मोठ्या कॉलेजातून कायम नोकरीचं पत्र आलं. स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. मुलींना कोर्टवर सांगितलं तेव्हा दांडीची मुलगी बुटाची नाडी बांधत राहिली. मी गेले. दांडीला जाऊन सांगायचा धीर मात्र झाला नाही.

पुण्यात मी सहायक होते. म्हणजे अर्ज भरायचे, हजेरी घ्यायची, मुख्य प्रशिक्षक ओरडत असताना पाण्याच्या बाटल्या मोजायच्या. लाकडी कोर्ट होतं, पण शिट्टी माझ्या हातात नव्हती. रविवारी खोलीत बसवत नसे. उगाच बसस्थानकापर्यंत चालत जाऊन परत यायचे. दीड वर्षाने राजीनामा दिला. पालघरची जागा भरली होती; बोईसरच्या एका कॉलेजात मिळाली, पुन्हा वर्षाचीच.

त्या हिवाळ्यात आमचा सामना पालघरशी पडला. त्यांची कर्णधार तीच होती. मी शिकवलेलाच पूर्ण कोर्टचा दबाव, म्हणजे आमच्या बास्केटखालूनच अडवत राहणं, तिने माझ्या मुलींवर आणला आणि पहिल्या दहा मिनिटांत सामना आमच्या हातातून गेला. मी बाकावर बसू शकत नव्हते. पुढची चाल मला माहीत होती आणि तरी थांबवता येत नव्हती.

सामना संपल्यावर ती माझ्याकडे आली. मी घाईघाईने माफीचं काहीतरी बोलायला लागले.

“मॅडम, तुमची डावी बाजू उगडी होती,” ती म्हणाली. “मला पयल्या मिनिटातच दिसलं.”

मी विचारलं, आई कशी आहे. बरी हाय, म्हणाली, आणि आपल्या मुलींकडे गेली. त्या तिची वाट बघत उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी सगळ्यांना कोर्टच्या डाव्या बाजूला उभं केलं. एकीने विचारलं, फक्त डावीकडेच का? मी शिट्टी वाजवली.