पहिलीनं पाडलेलं सरकार

पोटच्या पोरीचं सरकार पडताना हात मी स्वतः मोजले, आणि शाळा सुटेपर्यंत चेहरा सरळ ठेवला. कसा ठेवला ते माझं मला माहीत.

आमची शाळा बेडशाच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दोन खोल्या आणि दोन शिक्षक, मुख्याध्यापक सर आणि मी. मी याच गावची सून, त्यामुळे माझी लेकही इथेच सहावीला. शाळेत ती मला बाई म्हणते, घरी आई म्हणते, आणि चिडली की दोन्हीकडे काहीच म्हणत नाही. पोरं सात वाड्यांमधून चालत येतात. एका वाडीची पोरं एका रांगेत, पुढे एक मोठं पोर. जूनमध्ये शालेय मंत्रिमंडळ निवडायची वेळ आली तेव्हा माझ्या डोक्यातून निघालं, की वर्गवार कशाला, वाडीवारच निवडणूक घेऊ. वाडी हा मतदारसंघ आणि रांग नेणारा तिचा खासदार. सात खासदारांनी आपल्यातला एक पंतप्रधान निवडायचा. नागरिकशास्त्राचा धडा आपल्या पायांनी चालत शाळेत येईल, म्हटलं. हुशारी हो, दुसरं काय!

यंदा गावठाणाची खासदार माझी लेक झाली आणि सातपैकी पाच मतांनी पंतप्रधानही झाली. तिला ते चौथीपासून व्हायचं होतं. कारण एकच. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की अख्ख्या गावासमोर संविधानाची उद्देशिका माइकवर पंतप्रधान वाचतो. आमच्या घरी देव्हारा नाही, भिंतीवर उद्देशिकेची चौकट आहे. पोरगी तिच्यासमोर लाटण्याचा माइक करून दोन वर्षं वाचत होती, आणि माझे सासरे, म्हणजे तिचे आबा, खाटेवरून 'मोठ्यानं! मागच्याला ऐकू न्हाई आलं!' म्हणून ओरडत होते. आबांची सगळी नोकरी खंडाळ्याच्या घाटात रुळांवर गेली, त्यामुळे त्यांना सगळ्यांचंच बोलणं हळू वाटतं. यंदा खरा माइक मिळणार म्हणून त्यांनी कोट इस्त्रीला टाकला होता.

आता भानगड ऐका. शनिवार-रविवारी लेण्यांकडे गाड्या येतात. पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून 'हाय, हाय' करतात आणि काचेतून चॉकलेटं येतात. हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. डिसेंबरात एका गाडीवाल्यानं काय केलं, आधी पोरांना नाचायला लावलं, मोबाईलवर व्हिडिओ काढला, मग चॉकलेटं फेकली. फेकली हो, कोंबड्यांना दाणे टाकतात तशी! माझ्या लेकीनं ते पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. सोमवारी परिपाठ झाल्याबरोबर तिनं हुकूम काढला. आजपासून कोणीही गाडीपुढे हात पसरायचा नाही, आणि ज्याच्या रांगेतलं पोर पसरेल त्या खासदारानं आठवडाभर मैदान झाडायचं.

माझा ऊर असा भरून आला, काय सांगू! सरांकडे बघून मी भुवया उडवल्या. पाहिलंत, कुणाची पोर आहे?

पहिलीतल्या नऊ पोरांना मात्र ऊरबीर काही भरून आला नाही. त्यांची शनिवारची चॉकलेटं गेली, एवढंच त्यांना कळलं. जानेवारी लागला. मी मोठ्यांना धडा शिकवत होते, तर त्याच खोलीत बसणारी पहिलीतली एक टिल्ली उठली. ही वरच्या वाडीची, पुढचे दोन दात पडलेली.

"बाई, पंतप्रधानाला काडता येतं का?"

मला काय आनंद झाला! पहिलीचं लेकरू आणि हा प्रश्न! मी पाटी-खडू टाकून तिच्यापुढे उकिडवी बसले आणि सांगितलं, की बाळा, लोकांना थेट काढता येत नाही. आपण निवडतो खासदार. निम्म्याहून जास्त खासदार पाठीशी आहेत तोवर पंतप्रधान खुर्चीवर. ते म्हणाले, आमचा विश्वास नाही, की खुर्ची गेली.

"आन् आमी?"

"तुम्ही पुढच्या निवडणुकीला दुसरा खासदार निवडायचा. खऱ्या देशात पाच वर्षांनी."

तिनं बोटं मोजली. "तवर मी सहावीत जाईन की!"

सगळा वर्ग हसला, मीही हसले. माझी लेकसुद्धा हसली बिचारी. एवढ्यावर मिटलं असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी परिपाठ संपला तरी वरच्या वाडीची रांग नाही. मी फाटकाशी जाऊन बघते तर त्यांचा खासदार, सातवीतला दांडगा मुलगा, पाठीवर तीन दप्तरं घेऊन घामाघूम पळत येतोय.

"बाई, माझी वाडी बसली!"

"बसली म्हणजे?"

"रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर बसल्यात सगळी बारकी. टिल्ली म्हनती, पंतप्रधान पाडतो म्हन, तरच उटतो. एकीला उचलली तर दुसरी बसती. लय वैताग हाय बाई!"

मी पदर तोंडावर धरला. काय करू, हसू आवरेना. थेट काढता येत नाही हे त्या टिल्लीनं नीट ऐकलं होतं. खासदारामार्फत काढतात हेही ऐकलं होतं. आणि खासदाराची गचांडी कुठे धरायची हे मला तिला सांगावंच लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडची वस्ती बसली. चौथ्या दिवशी धरणाकडची. एका खासदारानं गोळ्या देऊन पाहिल्या, तर पोरांनी गोळ्या खाल्ल्या आणि पुन्हा बसली! शेवटी तीन खासदार माझ्यापुढे उभे राहिले, वहीच्या पानावर अविश्वास ठराव लिहून.

सभापती मीच. खरं सांगते, मनात पाप आलं. म्हटलं, परीक्षेचं काहीतरी काढावं, सभा सव्वीस तारखेच्या पुढे ढकलावी. पोरीला एकदा माइकवर वाचू दे, मग पाडा खुशाल. सर कागदावरून मान वर न करता म्हणाले, "सभापती निःपक्षपाती असतो ना, बाई?" मेले सर! घेतली मी सभा, दुसऱ्याच दिवशी, खिचडीच्या सुट्टीआधी.

सात खासदार पुढे, बाकी शाळा मागे. लेक बोलायला उभी राहिली. म्हणाली, "आपल्याला नाचवून कोणी खाऊ फेकतो, ते मला आवडत नाही. म्हणून मी हुकूम काढला." बसली. इतकं छान बोलली की मला टाळी वाजवायची होती, हात पाठीमागे बांधून ठेवले.

"ठरावाच्या बाजूनं हात वर!"

तीन हात. वरची वाडी, ओढ्यापलीकडची, धरणाकडची. बाकी तिघांचे हात खाली. सुटले बाई, म्हटलं! लेकीचं स्वतःचं मत धरून चार विरुद्ध तीन, सरकार वाचलं. आणि तेवढ्यात चौथा हात वर. माझ्या लेकीचा!

मला वाटलं, पोर गोंधळली. "अगं, खाली घे हात! ठरावाच्या बाजूचे मोजतेय मी!" गेला माझा निःपक्षपातीपणा चुलीत.

"माहितीये, बाई," ती म्हणाली. हात वरच.

सर खोकले. मी चार मोजले. सरकार पडलं, पहिलीनं नाचून नाचून धुरळा उडवला, आणि पुढच्या दहा मिनिटांत वरच्या वाडीचा दांडगा पंतप्रधान झाला. त्याचा पहिला हुकूम असा, की चॉकलेट चालू. दुसरा हुकूम असा, की आता कुणीही मोरीवर बसायचं नाही.

घरी आल्यावर मी फुटले. चप्पल काढायच्या आधीच सुरू झाले. "स्वतःच्या हातानं स्वतःला पाडतं का कुणी? इतकी कशी गं येडी तू? तुझं बरोबर होतं! शंभर टक्के बरोबर होतं!"

आबा खाटेवरून म्हणाले, "तिला का वरडतीस? कोट काय, पुढच्या साली घालीन."

ते ऐकलं आणि मग पोरगी रडली. चांगली हमसून रडली. मीही तिच्याबरोबर रडले, मला काय, निमित्तच लागतं. थोड्या वेळानं नाक पुसत म्हणाली, "सकाळी मी आमच्या रांगेला विचारलं, गावठाणचं मत काय? निम्म्याहून जास्त पोरं म्हणाली, पाड. मग मी त्यांची खासदार ना? हात वर करायलाच लागला."

"पण तुझं बरोबर होतं ना गं!"

"बरोबर होतं. पण हुकूम काढताना मी कुणालाच विचारलं नव्हतं, आई."

मी उठून चहा टाकला. ती चहात बिस्किट बुडवत बसली, आणि बिस्किट तुटून कपात पडलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

"आई, नव्या पंतप्रधानाला पाडायला पण चारच लागतात ना?"

"चारच."

"सव्वीसला अजून आठ दिवस आहेत."

"आहेत. का गं?"

तिनं कप ठेवला, पायांत चपला सरकवल्या. आबा खाटेवर उठून बसले. मी म्हटलं, "आता कुठं निघालीस? खासदारांच्या घरी?"

"खासदारांकडे जाऊन काय होतंय?" ती ओट्यावरून उडी मारत म्हणाली. "टिल्लीकडे जाते. तिला आधी तो व्हिडिओ काय होता ते सांगते, आणि मग विचारते."