भित्रीचं दावं

कारखान्यात तिला सगळे भित्री म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ती ओ देई. धातूची पूड थरावर थर वितळवून वस्तू घडवणारं मशीन ती अकरा वर्षं चालवत होती. पण रोज सकाळी त्याच्यापुढं अशी उभी राही, जणू मारक्या बैलाला वैरण घालायचीय. भ्यायची ती मशीनला नव्हे, त्यात फिरणाऱ्या आरगॉन वायूला. त्याला ना रंग ना वास. हवेहून जड, म्हणून पाण्यासारखा खोलात जाऊन बसतो आणि तिथला प्राणवायू हुसकून लावतो. पहिल्या नोकरीत एक फिटर टाकीत उतरला तो उठलाच नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही त्याच्याच शेजारी निजला. तेव्हापासून तिचा नेम होता: मशीनखालच्या खड्ड्यात उतरणाऱ्यानं अंगाला दोर बांधायचा, आणि वर येईस्तोवर तोंड बंद ठेवायचं नाही.

त्या दुपारी घडत्या तुकड्यांवर डाव्या बाजूला काजळीचे पट्टे उमटले. लेसरखाली धातू वितळला की धूर उठतो, आणि तो वाहून न्यायला आरगॉनचा एकसारखा वारा लागतो. डावीकडचा वारा मेला होता. फिल्टर नवा, पंखा ठणठणीत. सिलिंडर मात्र तीन दिवसांऐवजी एका दिवसात संपलं होतं.

"खालची नळी गळतीय," ती म्हणाली. म्हणजे फिटरला खड्ड्यात उतरावं लागणार. आणि इथला फिटर तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

मशीन बंद केलं. नव्या सिलिंडरची चावी आवळली. भिंतीवर डोक्याच्या उंचीला प्राणवायू मोजणारा मीटर टांगलेला, त्यावर हिरवा दिवा.

"हिरवा आहे की," सुपरवायझर म्हणाला. "उतरू दे त्याला. किती भ्यायचं माणसानं?"

"दोर बांधू दे."

"आक्का, मी काय म्हैस आहे, दावं लावायला?" भाऊ हसला.

"म्हैस तुझ्यापरीस शहाणी. हात वर कर."

तिनं त्याच्या काखेतून दोर घेऊन छातीवर गाठ मारली, ओढून पाहिली. खड्डा छातीएवढाच. पण नळीशी पोचायला तो आत वाकला आणि दिसेनासा झाला.

"बोल."

"काय बोलू?"

"बायकोची गाऱ्हाणी सांग. ती तुला कधी संपत नाहीत."

"ती म्हणती, घोरतोस. मी म्हणलं, तू झोपेत भांडतीस, त्याचं काय?" पान्ह्याचा आवाज आला. "सापडलं बघ. क्लिप निसटलीय, नळी अर्धी बाहेर लोंबतीय. मग सासू म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"सासू... म्हणाली..."

तिनं तीन श्वास वाट पाहिली. पान्हा खाली पडल्याचा आवाज झाला.

तिचे पाय खड्ड्याकडं धावत होते. तिनं ते जागच्या जागी रोवले. खाली उतरली तर सुपरवायझरला दोन मढी काढावी लागतील, एवढं तिला ठाऊक होतं.

"ओढा," ती म्हणाली. "उतरू नका. ओढा."

दोघांनी दोर ओढला. तळहात सोलवटले. आधी डोकं आलं, लुळं, मग खांदे. काठावर घेऊन फरफटत त्याला शटरपाशी, उघड्यावर नेलं. ती त्याच्या नाकापुढं हात धरून बसली. सोलवटलेल्या तळहाताला श्वास लागतोय की नाही, कळेना. मग त्याला ठसका लागला.

थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले. रागावला होता.

"कशाला ओढलंत? काम झालं असतं. मी बोलतच होतो की."

ती उठली, भिंतीवरचा मीटर खिळ्यावरून काढला, सुतळीला बांधून खड्ड्यात सोडला. गुडघ्याएवढा खाली गेला नाही तोच हिरवा दिवा लाल झाला आणि मीटर किंचाळायला लागला.

सुपरवायझर जमिनीवर बसला. भावानं दोर सोडायला गाठीला हात घातला होता, तो तिथंच राहिला.