बिफोरमधली मुलगी

"हसू नकोस गं. बिफोरमध्ये कोण हसतं का?"

सायली असं म्हणाली आणि तिच्या मैत्रिणी हसल्या. मी तिच्या बंगल्याच्या गच्चीत, भर उन्हात उभी. ओढणी काढून घेतलेली. केस तिनेच विस्कटलेले. अजून काळी दिसावी म्हणून तोंडाला तेल फासलेलं.

"गळ्याची हाडं दिसू देत. मान वाकव. अजून. हां, आता अगदी भिकारी."

सायली माझ्याच कॉलेजात, बारावीला. भिवंडीत तिच्या वडिलांची गोदामं. त्यातल्याच एका गोदामात माझा बा हमाल. आम्ही आदिवासी, गणेशपुरीकडच्या पाड्यावरचे. कॉलेजसाठी मी भिवंडीतच, नारपोलीत मावशीकडे राहते. सायली मोबाईलवर तब्येतीचे सल्ले द्यायची. काय प्यायलं की गोरं होतं, काय खाल्लं की अंग भरतं. पोरं-पोरी वेड्यासारखी बघायची. वजन वाढवायची पावडरपण विकायची ती. तिने बोलावलं तेव्हा 'नाही' म्हणायची माझी छाती झाली नाही. बाचं काम तिथं होतं ना.

रील आलं. डावीकडे 'बिफोर' म्हणून मी. उजवीकडे 'आफ्टर' म्हणूनही मीच. गाल गुबगुबीत, रंग गोरा, दंड भरलेले. सगळं ॲपने फुगवलेलं. पावडर मी जिभेलासुद्धा लावली नव्हती. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'हाडांचा सापळा'. 'जंगलातून धरून आणली काय?' वर्गात माझं नाव पडलं बिफोर.

"ए बिफोर, सरक."

मी सरकायचे. वाटायचं, अपमानच आहे. गिळला की संपला.

तिकडे पाड्यावर माझी मोठी बहीण, सुमन. तिला टीबी झाला म्हणून नवऱ्याने माहेरी आणून टाकलेली. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी तिला मळमळायचं, अन्न जायचं नाही. आणि तिच्या मोबाईलवर ते रील आलं.

परीक्षा संपवून मी घरी गेले. सुमन भिंतीला टेकून बसलेली. खोकला आला तसा तिने पदर तोंडावर दाबला. पदराला रक्त. बाजूला सायलीच्या पावडरचा डबा. गोळ्यांची पाकिटं फळीवर, न फोडलेली.

"ताय, गोळ्या न्हाय घेतल्यास?"

"गोळ्यांनी वांत्या व्हतात. ही पावडर बरी हाय."

"कोण बोललं तुला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तूच तं हाय त्या व्हिडिओत. किती बेस दिसतेस. मी आयला बोलले, माझी बहीण खोटं कशाला दाखवंल?"

आई चुलीपाशी होती. तीही माझ्याकडेच बघत होती. माझ्या हाडकुळ्या हातांकडे.

दवाखान्यात डॉक्टरांनी कागद बघितले, आमच्याकडे नाही. "तुम्हा लोकांना सांगून काही उपयोग असतो का? मोबाईल बघून गोळ्या बंद करता. आता साधी औषधं लागू पडतात की नाही तेच बघावं लागेल." सुमनने मान खाली घातली. गुन्हेगारासारखी. काय केलं होतं तिने? बरं व्हायचं होतं तिला.

तिथून मी तडक सायलीकडे गेले.

"ते रील काढ. माझी बहीण मरायला टेकलीय."

"मी म्हटलं का गोळ्या बंद करा म्हणून?" ती आरशात केस नीट करत होती. "आणि त्यात तुझं नाव कुठं आहे? तुम्ही सगळ्या तशाही सारख्याच दिसता."

मग वळून म्हणाली, "उलट लाइव्हला ये ना. मुलगी खरी आहे का, असं विचारतात लोक. 'फरक पडला' एवढंच बोल. तुझ्या बाबांचं पप्पा बघतील काहीतरी."

मी बसले तिच्या शेजारी. तिने मोबाईल चालू केला. गोड आवाजात म्हणाली, "सांग ना सगळ्यांना."

"मला काही फरक पडला नाही," मी म्हणाले. "ही पावडर मी खाल्लेलीच नाही. तो फोटो फुगवलेला आहे. माझ्या बहिणीने तो खरा मानला, टीबीच्या गोळ्या सोडल्या, आता रक्त ओकते. कुणाला टीबी असेल तर गोळ्या सोडू..."

तिने मोबाईल बंद केला आणि माझ्या कानाखाली मारली. दुसऱ्यांदा हात उचलला तो मी हवेतच धरला.

"परत हात लावायचा नाय."

माझाच आवाज मला ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी बाला गोदामाच्या गेटवरूनच परत पाठवलं. आई म्हणाली, "कशाला तोंड उघडलंस?" बा दारात बसून राहिला. ते जास्त लागलं.

रील अजून आहे. खाली मी लिहिते, 'ही मी आहे आणि हे खोटं आहे.' ती पुसते. मला ब्लॉक केलं, तर मावशीच्या मोबाईलवरून लिहिते. पाड्यावरच्या पोरींना समोर बसवून त्याच ॲपने त्यांचेच गाल फुगवून दाखवते. आधी हसतात. मग ते रील परत लावायला सांगतात.

पोलीस चौकीत तक्रार घेऊन गेले. हवालदार म्हणाला, "यात गुन्हा काय आहे?" कागदच घेतला नाही.

सुमन खाटेवर आहे. साध्या गोळ्या आता लागू पडत नाहीत. नवीन औषधं जड आहेत, तिला ती पेलतील का कोणी सांगत नाही. माझा हात धरून झोपते. अजूनही माझ्यावर तिचा विश्वास आहे, हे मला सहन होत नाही.

उद्या चौकीत परत जाणार. कागद घेत नाहीत तोवर बाकावरून उठणार नाही. सुमन जगली तरी जाईन. नाही जगली तरी जाईन.