काळ्या-गुलाबीचा सांधा

आमच्या दगड मंडळाचे नियम मी केले होते, आणि ते सगळे मोडले. सहलीला वेळेवर यावे, डोक्याला काहीतरी बांधावे, जीपमध्ये भजन म्हणू नये, दुसऱ्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता घेऊ नये. सुबक अक्षरात लिहून मी ते सर्वांना वाटले होते, आणि मंडळातल्या होमिओपॅथी डॉक्टरांनी पहिल्याच सहलीत त्या कागदावर भजी खाल्ली. मोडला नाही तो एकच नियम, अक्काचा: एका सहलीला एका माणसानं एकच दगड आणायचा, मुठीत मावेल एवढा. दुसऱ्यासाठी आणायचा नाही. ज्याला हवा त्यानं यावं आणि आपल्या हातानं उचलावा.

अक्का माझी नात्यानं कुणी लागत नाही. उदगीरकडची, लातुरात धान्याच्या अडत्याच्या घरी दिलेली, माझ्याहून थोडी मोठी. लग्नाआधी कॉलेजात भूशास्त्र शिकली आणि लग्नानंतर तूर, हरभरा आणि पाहुणे यांच्यात बुडून गेली. मी शाळेत भूगोल शिकवायची. म्हणजे फळ्यावर नकाशा काढायची आणि मांजरा नदी हमखास भलतीकडे वळवायची. तरी रुबाब असा, की धरणीमातेनं सगळं मलाच विचारून केलंय.

शाळेच्या प्रदर्शनात मी एक उल्का मांडली होती. औशाच्या रस्त्यावर सापडलेला काळा, भोकाभोकाचा, जड गोळा. खाली मखमल, शेजारी पाटी: ‘अवकाशातून आलेला पाहुणा’. पोरं रांगेनं दर्शन घेत होती. अक्का तिच्या मुलीबरोबर आली. तिनं गोळा उचलला, हुंगला आणि सरळ जिभेला लावला.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “हा पाहुणा गुऱ्हाळाच्या चुलाणातनं आलाय. खंगर हाय, भट्टीतली जळकी राख.”

“तुम्हाला काय कळतं त्यातलं?” मी म्हणाले. आज आठवलं की वाटतं, त्या वेळच्या मलाच कान धरून मखमलीवर बसवावं आणि शेजारी पाटी लावावी.

मी बरेच दिवस फुगून होते. मग न राहवून तिच्या घरी गेले. तिनं चहा दिला आणि धान्याच्या रिकाम्या डब्यातून तिचे कॉलेजातले दगड काढून दाखवले. प्रत्येकाची ओळख करून द्यायची, जशी लग्नात नवरीकडच्यांची करून देतात.

किल्लारीच्या भूकंपानंतरची ती वर्षं. जमीन जरा गुरगुरली की अख्खी गल्ली खाटा-बाजा उचलून अंगणात यायची. मी तर भिंतीला टेकायचंच सोडलं होतं. अक्का म्हणाली, “ज्याचं भ्या वाटतं त्याच्याशी बोलणं चालू ठेवावं. गप बसलं की भ्या वाढतं.” मंडळ सुरू झालं ते असं. एक बँकेचा कॅशियर, एक निवृत्त ओव्हरसियर, ते भजीवाले डॉक्टर, शाळेतल्या तिघीचौघी. लोक आम्हाला दगडफोडे म्हणायचे, आणि महिन्यातून एकदा आम्ही साड्यांवर कॅनव्हासचे बूट चढवून निघालो की बसस्टँडवर कंडक्टर विचारायचा, “मावशे, खडी कुठं फोडायची आज?”

अक्काच्या सासूबाईंना हे खटकायचं. “गळ्यात लिंग आन हातात हातोडा! जमतं व्हय गं हे?”

“अत्ती,” अक्का म्हणायची, “देवाला हात लावत न्हाई. त्याच्या नातेवाइकांची चौकशी करून येते.”

म्हातारी हसायची आणि डब्यात दोन धपाटे जास्त घालायची.

अक्काला एकच गोष्ट बघायची होती. आमच्या लातूरच्या पायाखाली सगळा काळा दगड, ज्वालामुखीच्या रसाचा. नांदेडच्या दक्षिणेला, मुखेड ओलांडून देगलूरच्या अंगाला गेलं की तो कुठंतरी संपतो आणि त्याच्या पोटाखालून गुलाबी दगड वर येतो. काळा जुना, पण गुलाबी त्याच्या कैक पटींनी जुना. तो तयार झाला तेव्हा पृथ्वीवर डोळा असलेला एक जीव नव्हता. दोघं जिथं एकमेकांना टेकतात ती जागा, तो सांधा, अक्कानं पुस्तकात वाचला होता, पाहिला नव्हता. “एक पाय काळ्यावर, एक गुलाबीवर ठेवून उभं राहायचं,” ती म्हणायची, “आन मधी जो काळ गेला त्याचं काय झालं म्हणून विचारायचं.”

“कोणाला विचारायचं?”

“तुला न्हाई, येवढं नक्की.”

आम्ही त्या भागात पुष्कळ हिंडलो. एसटीनं मुखेड, तिथून जीप, मग पायी. कुठं माती आड यायची, कुठं ऊस, कुठं कुत्री. आणि ज्या दिवशी सांधा सापडला त्या दिवशी अक्का नव्हती. तिच्या पुतणीचा साखरपुडा होता. “तुम्ही जा,” ती म्हणाली, “तिकडं काय लगेच सापडून राहिलाय!”

एका कोरड्या ओढ्याच्या काठाला होता तो. वरती काळा, खाली गुलाबी, मधे वीतभर पांढुरका पट्टा. कॅशियरनं टोपी काढली. मी एक पाय इकडं, एक पाय तिकडं ठेवून उभी राहिले आणि लगेच दोन्ही पाय मागं घेतले. ही जागा माझी नव्हती. मी दुसऱ्याच्या पाटावर बसले होते.

मग मी माझं डोकं चालवलं. पुढच्या सहलीला अक्काला आणायचं तर जागा सापडायला हवी. ओढे सगळे सारखेच दिसतात. ओव्हरसियरच्या पिशवीत लाल ऑइलपेंटचा डबा असायचा, खुणा करायला. मी तो घेतला. सांध्याच्या बरोबर वर एक उभट दगड होता, त्याला समोरून गोल टिळा काढला. लांबून दिसावा म्हणून सगळाच रंगवला. शिवाय, चांगला दिसतोय म्हणून, पायाशी चार गोटे मांडले.

वाचणारा मराठवाड्यातला असेल तर त्याला पुढचं सांगायची गरज नाही. तो आत्ताच कपाळाला हात लावून बसला असेल. पण मी, याच मातीत वाढलेली, रस्त्यातल्या प्रत्येक शेंदरी दगडाला हात जोडत शाळेत जाणारी, मला त्या दिवशी हे सुचलं नाही.

पुतणीचं लग्न, मग पाऊस, असं करत पुढच्या साली अक्काला घेऊन गेलो तेव्हा ओढ्याच्या काठावर निशाण फडकत होतं. माझ्या दगडावर शेंदराचे थर चढले होते, चांदीचे डोळे बसले होते, नारळाची सालं पडली होती. भोवती सिमेंटचा ऐसपैस ओटा, आणि ओट्यावरून खाली ओढ्यात उतरायला, भक्तांच्या सोयीसाठी, सिमेंटच्या पायऱ्या. सांधा त्या पायऱ्यांच्या खाली गेला होता. काळा, पांढुरका, गुलाबी, सगळा.

एक बाई पूजा करत होती. तिनं सांगितलं, “जागृत हाय देव. एका दिसात परगटला. आदल्या दिशी काय बी नव्हतं.”

“असंल की,” अक्का म्हणाली.

ती पायऱ्या उतरली. खालच्या पायरीवर बसली आणि सिमेंटवर हात फिरवत राहिली, कुठं भेग आहे का बघत. मला वाटलं आता ही रडणार. तर तिचे खांदे हलायला लागले ते हसण्यानं. हसता हसता तिला ठसका लागला, पूजेच्या बाईनं तीर्थ दिलं.

“तुझ्या हाताला लई गुण हाय गं,” ती मला म्हणाली. “लोकाला जल्मभर तप करून देव भेटत न्हाई, तू एका डब्यात काढलास.”

परतताना मात्र ती जीपच्या खिडकीशी बसली आणि मुखेड येईपर्यंत हाताला लागलेली सिमेंटची धूळ पदराला पुसत राहिली.

त्यानंतर आम्ही दुसरा सांधा शोधत राहिलो. पुढच्या खेपेला जाऊ, उन्हाळ्यानंतर जाऊ, सुगी झाल्यावर जाऊ, असं म्हणत वर्षं गेली. तिचे मालक गेले, सासूबाई गेल्या, दुकान बंद झालं. मुलगा तिला नांदेडला घेऊन गेला. तिथं ती न्हाणीत घसरली आणि खुबा मोडला. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. एकदा वर चढवलेली अक्का अजून खाली आलेली नाही.

मंडळ चालू आहे. आता तरुण पोरं-पोरी चालवतात, मोबाइलवर ग्रुप आहे, सहलीला शीतपेटीतून पाणी येतं. मला मॅडमआजी म्हणतात आणि पुढची सीट देतात. मी मधल्या सीटवर बसते आणि खिडकीची जागा पिशवी ठेवून अडवते. कुणी विचारलं तर सांगते, मला वारं सोसत नाही. खोटं आहे. ती जागा अक्काची; वारं लागलं की पदर सावरत ती म्हणायची, “बघ, बघ, माती लाल झाली.” मी बघायची तोवर जीप पुढं गेलेली असायची. आता मी वेळेवर बघते, तर सांगायला कुणी नाही.

या उन्हाळ्यात ग्रुपवर एक फोटो आला. मुखेडच्या पलीकडं एका शेतात नवी विहीर खोदली होती. आतली भिंत वरती काळी, खाली गुलाबी. मधे तोच पांढुरका पट्टा. मी फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. मग अक्काला फोन लावला.

“विहीर?” ती म्हणाली. “म्हणजे पाणी लागलं की बुडणार.”

“पावसाळ्यात बुडंल. उन्हाळ्यात उघडा पडंल. पण आत्ता उघडा हाय. येतीस का? पोरं खुर्चीत बसवून उतरवतो म्हणतात.”

ती तिकडं लेकाशी काहीतरी बोलली, मागं पंख्याचा आवाज. “लेक न्हाई म्हणतोय,” ती म्हणाली. “आन त्याचं खरं हाय. धरलेली खाट सुटत न्हाई मला. तू जाऊन ये.”

“फोटो काढून आणू?”

“फोटोला जीभ लावायची का मी?”

मग मी गेले. विहिरीच्या काठाला शेतकऱ्याच्या बायकोनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. खाली ऊन पडलं होतं आणि सांधा असा स्पष्ट दिसत होता, की जणू कुणी दोन लुगडी जोडून दंडाची शिवण घातलीय. पोरं ओरडत होती, दोऱ्या सोडत होती. मी तिथं उभी राहून इतकंच करू शकले, की दोन्हीकडं पाय ठेवावा लागत नाही म्हणून देवाचे आभार मानले.

शेजारी विहिरीतून निघालेल्या दगडांचा ढीग होता. मी त्यात बसून एक असा दगड शोधत होते, ज्यात काळं आणि गुलाबी दोन्ही असेल. एकच दगड, म्हणजे नियमही राहील आणि तिला सांधाही दाखवता येईल. पण दोघं एकमेकांना कितीही युगं टेकून बसले तरी सुरुंग लागला की तिथूनच सुटतात. एका हातात काळा यायचा, एका हातात गुलाबी. पोरं म्हणाली, “मॅडमआजी, दोन घ्या की. कोण बघायला येतंय?”

मी गुलाबी घेतला, माझा. काळा काठावर ठेवला, चिंचेच्या बुडाशी. तो अक्काचा.

शेतकऱ्याची बायको म्हणाली, “ह्ये सगळं उद्या बांधाला टाकणार हाव.”

तेव्हा, इतक्या वर्षांनी, माझं डोकं बरोबर चाललं. “शेंदूर हाय का घरात?”

तिनं मारुतीसाठी ठेवलेला आणला, आणि वाटीत तेल. मी मांडी घालून बसले आणि काळ्या दगडाला शेंदूर फासला. पुढून, मागून, बुडापर्यंत. ती बघत राहिली.

“आजी, कशाचा देव सांगू लोकाला?”

“अक्का म्हणायचं.”

“बाईदेव हाय व्हय?”

“लई कडक हाय. कुणी जागचं हालवलं की कोप करती.”

तिनं पटकन पदर घेऊन नमस्कार केला. मीही केला, का ते कोण जाणे.

परत येताना नांदेडला उतरले. तिसरा मजला चढताना माझेच गुडघे बोलायला लागले. अक्का उशीला टेकून बसली होती, वाळून खारकेसारखी झालेली. मी गुलाबी दगड तिच्या तळहातावर ठेवला. तिनं आधी हुंगला, मग जिभेला लावला, डोळे मिटून घेतले. ओलं झालेलं गुलाबी तिच्या हातात चमकत होतं.

“आन काळा?”

“एका माणसाला एकच. काळा तुझा हाय. तुझ्या हातानं उचलायचा.”

“लोक टाकतील की बांधाला.”

“न्हाई टाकत. शेंदूर लावून आले.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता खांदे हलतील. हलले नाहीत. तिनं दगड पदरात घेतला, खिडकीकडं तोंड केलं. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. तो लांब गेला तरी ती तिकडंच बघत होती.

“तेलात कालवलास का नुसताच फासलास?” तिनं विचारलं.

“तेलात.”

“बरं केलंस,” अक्का म्हणाली. “पावसाळा काढंल.”