लेकीच्या कार्डावरचे कुंडलिकभावजी

"तुझा बाप अजून किती दिस लेकीच्या चुलीवर शेकत बसनार हाय?"

"माझ्या वाटनीची भाकर देते त्यांना. तुमच्या ताटातली नाय काढत."

हे भांडण मी कुडाआडून ऐकलं. आमचं नि कुंडलिकभावजींचं घर धसईत एकाला एक लागून, मध्ये कारवीचा कूड. मी तेव्हा नवी नवरी. हात शेणाने भरलेले, पण पुढचं ऐकायचं म्हणून धुवायचे राहिले. भावजींच्या बायकोचे, रत्नाचे वडील उंबरमाळीहून दम्याचं औषध घ्यायला आले होते. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी उभ्या उभ्या येतो नि जातो. मुक्काम टाकला की लोक त्याला बिचारा म्हणायला लागतात. म्हातारा ओटीवर खोकत बसला होता, त्याला हे ऐकू गेलंच. दुपारच्या एसटीने तो निघून गेला. रत्ना त्यावर पुढे कित्येक वर्षं बोलली नाही, आणि मीही काही ऐकलं नाही असंच दाखवलं.

तसे भावजी वाईट नव्हते. भाताच्या बाजारात पोती उचलायचं काम, पण मान ताठ. कोणाची एक विडी घेतली तर संध्याकाळी दोन परत करणार. लोकांचं घ्यायचं नाही, हाच त्यांचा देव.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांना अंतर्गळ झाला. डॉक्टर त्याला हर्निया म्हणतात. जागा अशी की सांगायचं कोणाला? कित्येक महिने लेंग्याच्या आत पट्टा बांधून फिरले. बसताना ओठ दाबायचे. रत्नाने विचारलं की म्हणायचे, "गॅस झालाय." एवढा गॅस तर सिलिंडरवाल्याकडेही नसेल. मग एक दिवस बाजारातच खाली बसले. मुरबाडच्या डॉक्टरने सांगितलं, लवकर ऑपरेशन करा, आतडं अडकलं तर धावपळीलाही वेळ मिळायचा नाही.

त्यांचा मुलगा सुनील कल्याणला दुकानात कामाला आहे. तो रविवारी आला आणि ओटीवर मोबाइल धरून विम्याच्या योजना वाचायला बसला. मी भाजी निवडायचं निमित्त करून जाऊन बसले.

"ही स्वस्त हाय. पन यात हर्निया दोन वर्सांनी."

"तवर काय दाबून धरायचा?" रत्ना म्हणाली.

"ही दुसरी. हप्ता म्हंजे माझे दोन पगार. वर बिलाचा पाचवा हिस्सा आपल्यालाच भरायचा. आन हर्निया..."

"दोन वर्सांनी," भावजीच म्हणाले.

"सत्तरी झाली की सरकारचं कार्ड फुकट मिलतं, बाबा."

"म्हंजे तेबी दोन वर्सांनीच. समद्यांनी मिळून ठरवलंय जनू."

रेशनकार्डावरच्या योजनेचंही त्याने विचारून घेतलं होतं. जवळच्या दवाखान्यात हे ऑपरेशन त्यात बसत नव्हतं.

एक योजना मात्र सुनील वाचत नव्हता. ती त्याच्या बहिणीकडे होती. राही मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला जाते. कंपनीच तिचा विमा काढते, त्यात पहिल्या दिवसापासून सगळे आजार, आणि आईबापाला जागा. पण एकाच घरच्या. माहेरचे नाहीतर सासरचे. बाईला जन्मभर जे विचारतात तेच कंपनीने विचारलं, फरक एवढाच की इंग्रजीत विचारलं. राहीने सासूचं नाव दिलं होतं. सासरे केव्हाच गेलेले. विम्याचं वर्ष बदलताना नाव बदलता येतं, आणि ते वर्ष आता बदलणार होतं.

राही त्या दिवशी आलीच होती. दाराला टेकून म्हणाली, "बाबा, आवंदा मी तुमची दोघांची नावं घालते. घरात इचारलंय. दिपेश हो म्हनाला."

दिपेश तिचा नवरा. भावजींनी मान खाली घातली ती वर काढेनात. "लेकीच्या नावावर दवाखान्यात पडू? तेबी विहीनबाईचं नाव काढून? बाजारात तोंड कुठं दाखवू मी?"

तेव्हा रत्ना बोलली. भाजीत मीठ किती घालू असं विचारावं, तशा आवाजात. "माझा बाप आठ दिस राहिला व्हता. तुमी एक रात काढा."

पोरांना काही कळलं नाही. मला कळलं, म्हणून मी निवडलेलीच भाजी परत निवडायला घेतली. भावजी उठून मागच्या दारी गेले आणि तिथे काही काम नसताना बराच वेळ उभे राहिले.

सकाळी मला म्हणाले, "वयनी, वैशाखऱ्याला येता का? एकट्यानं विहिनीम्होरं जायला पाय उचलंना." रत्ना येत नाही म्हणाली होती.

राहीची सासू लहानीबाई अंगणात वाल झोडत होती. भावजी कडेलाच उभे राहिले.

"विहीनबाई, पोरीला कळत नाय. तुमचं नाव काढू नको असं सांगा तिला. मी बघीन माझं."

"काय बघनार? मगापासनं उभे हाव, तुमाला खाली बसता येत नाय."

भावजींना खरंच बसता येत नव्हतं.

"मीच तिला काढ म्हनले," लहानीबाई म्हणाली. "एक वरीस आजारी नाय पडायचं असं ठरवलंय मी. पुढल्या साली माझं नाव घाला, मंग आरामात पडते."

मी हसले. भावजी हसले नाहीत.

विम्याचं वर्ष बदललं, राहीने नावं घातली आणि ऑपरेशन झालं. एकच रात्र राहावं लागलं. सिस्टर दारात येऊन विचारायची, "राहीच्या कार्डावरचे पेशंट कोण?" तेव्हा भावजी हात वर करायचे, पण तो खांद्याच्या वर काही जायचा नाही.

गावात कोणी एका शब्दाने बोललं नाही. निम्म्यांना ठाऊकच नव्हतं. पण भावजींना कोणी "बरं हाय ना?" विचारलं तरी ते रस्ता बदलायचे. पोती सुटली. हाताला काम उरलं नाही, तसे ते विम्याबाहेर राहिलेल्या लहानीबाईच्या मागे लागले. दर बाजाराच्या दिवशी वैशाखऱ्याची एसटी. विहिरीच्या पायऱ्या उतरू नका. करवंदांना डोंगरावर जाऊ नका. पाणी उकळून प्या. पावसाळ्यात तिच्या अंगणात शेवाळ धरलं, तर हे जाऊन राख टाकून आले. लहानीबाईने रत्नाला फोन केला.

"आवरा गो तुमच्या मानसाला. मला शिंकायची चोरी झालीया. कोंबडी राखल्यागत राखतात मला."

रत्ना पोट धरून हसली. पण श्रावणात लहानीबाईला जरा ताप आला तेव्हा भावजी जेवले नाहीत, आणि रत्नाने त्यांना जेवा म्हटलं नाही. साधी सर्दी होती.

विम्याचं वर्ष सरायला थोडे दिवस राहिले होते. भावजी दुपारी ओटीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. दवाखाना नाही, कार्ड नाही, काही लागलं नाही. राही माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "काकू, मी त्यांच्यासाठी केलं, आन वरीसभर ते माझ्याशी मान वर करून बोलले नायत गो." लाज तिच्यामुळे नव्हती, पण आली होती तिच्याच वाट्याला.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी बाजार होता. त्या दिवसाचं लहानीबाईने मला नंतर सांगितलं. लहानीबाईच्या प्रेशरच्या गोळ्या घेऊन भावजी नेहमीच्या गाडीने वैशाखऱ्याला गेले. ओटीच्या खुंटीला पिशवी अडकवली. आत गेले नाहीत.

"ताप नाय ना?"

"नाय."

"खोकला?"

"नाय वो, कायबी नाय."

मग अंगणाच्या वाटेत पडलेली एक सुकी फांदी त्यांनी पायाने बाजूला सारली, आणि रस्त्यावर जाऊन परतीच्या एसटीला हात केला.