ब्रेकमामांचा उजवा पाय

ब्रेकमामांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता फक्त बँकेत भेटतं. बाकी सगळीकडे ते ब्रेकमामाच. मोटार शिकवणाऱ्या शाळेत गेली सव्वीस वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारी बसतात. त्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो आणि तो दाबणं हाच मामांचा धंदा. शिकणाऱ्याने चूक करायची, मामांनी ती पायाने निस्तरायची. इतकी वर्षं हेच केल्यावर पाय मालकाचं ऐकेनासा होतो. बसमध्ये बसले तरी मामा समोरच्या पत्र्याला पाय रोवतात. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग लागला की त्यांच्या पायाखालची सतरंजी गोळा होते. मामी म्हणतात, "झोपेतसुद्धा लाथ बसते मला. चुकतंय कोण आणि भोगतंय कोण!"

रविवारी मात्र मामा वेगळ्या कामावर असतात. गावाबाहेर कार्टचा ट्रॅक आहे. कार्ट म्हणजे जमिनीला पोट घासत धावणारी चारचाकी; छप्पर नाही, दार नाही, गिअर नाही. तिथे प्रत्येक वळणावर एक निरीक्षक उभा असतो. हातात पिवळा झेंडा, खिशात चिठ्ठ्यांचं पॅड. कोण कुणाला लागलं आणि ते चालण्यासारखं होतं की नाही, हे त्याने लिहून द्यायचं. काम दिसतं सोपं, पण भल्याभल्यांचा घाम काढतं. कारण या खेळात धक्का लागणारच. नवखा प्रेक्षक एवढ्यातेवढ्याला "अरे, मारलं, मारलं" म्हणून ओरडतो आणि डोकं फिरलेला चालक दुसऱ्याला टायरच्या भिंतीत पाठवूनही म्हणतो, "लागलं थोडं. शर्यत आहे, भजनीमंडळ नाही!"

मामांचा हिशेब सरळ होता. "खांद्याला खांदा लागला तर शर्यत, पाठीत खांदा घातला तर गुंडगिरी." नियमाच्या पुस्तकातही तेच लांबण लावून लिहिलं आहे. पुढची गाडी वळायला लागते त्या क्षणी आत घुसणाऱ्याचं पुढचं चाक तिच्या सीटपर्यंत पोचलेलं हवं. पोचलं असेल तर जागा दोघांची. नसेल तर जागा पुढच्याची, मागच्याने निमूट ब्रेक मारायचा.

आणि त्या ट्रॅकची एक जुनी शिस्त होती. त्याच गाड्या पुढची फेरी मारून परत समोर यायच्या आत चिठ्ठी लिहून झालीच पाहिजे. फेरी बावन्न सेकंदांची. नंतर कोण जिंकलं, कोण रडलं हे दिसलं की डोळा आधी पाहिलेलंही बदलून सांगतो. मोठ्या पंचबाई, ज्या एरवी औषधांचं दुकान चालवतात, त्या म्हणायच्या, "उशिरा आलेली चिठ्ठी म्हणजे मुदत संपलेलं औषध. मी घेत नाही."

त्या रविवारी अंतिम शर्यतीत भिंगरी होती.

भिंगरी म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव मामांनीच पाडलं. गाडी चालवायला तिला त्यांनीच शिकवलं, त्याच दोन ब्रेकवाल्या गाडीत. ती सहा वर्षं शर्यती खेळत होती आणि आज जिंकली तर एका मोठ्या संघात वर्षभराची पगारी जागा मिळणार होती. हरली तर सोमवारपासून पार्सलच्या गोदामात नोकरी. तिच्या आईने शब्द टाकून ती मिळवली होती आणि नेमणुकीचं पत्र फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावून ठेवलं होतं. भिंगरी आठवडाभर फ्रिज न उघडता कोमट पाणी पीत होती.

नात्यातलं माणूस शर्यतीत असलं की निरीक्षकाने अवघड वळण सोडायचं, हा तिथला रिवाज. सकाळी सोडतीत मामांना सातवं वळण आलं. ते सगळ्यांत वाईट. लांब सरळ पट्टा संपतो आणि रस्ता एकदम मागे वळतो. मामांनी दुसऱ्या वळणावरच्या निरीक्षकाशी अदलाबदल ठरवली होती. पण आधीच्या शर्यतीत निखळलेला टायर त्या बिचाऱ्याच्या गुडघ्यावर आदळला आणि तो पट्टी बांधायला गेला. रेडिओवर पंचबाईंचा आवाज आला, "मामा, तुम्हीच राहा सातवर. माणूस नाही माझ्याकडे." मामा "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सातव्या वळणावर निरीक्षकाला उभं राहायला एक लाकडी फळी होती. जोर पडला की ती करकरायची. दिवसभरात ती दोनदा करकरली होती आणि दोन्ही वेळा मामांना चिठ्ठी लिहावी लागली होती. पाय आधी दाबला जायचा, धक्का नंतर लागायचा.

शर्यत सुरू झाली. निळ्या हेल्मेटचा मुलगा पहिला, भिंगरी दुसरी. हा मुलगा बेकरीत पहाटपाळी करून आलेला, शांत डोक्याचा. भिंगरी त्याच्या पाठीला चिकटली होती. पाचव्या वळणाला तो दर वेळी थोडा बाहेर जायचा आणि आतली बाजू सताड उघडी राहायची. लांबूनही मामांना ते दिसत होतं. "घूस, बाळा, पाचव्याला घूस," ते पुटपुटले आणि लगेच ओशाळले. निरीक्षकाने असं म्हणायचं नसतं.

ती घुसली नाही. दोन फेऱ्या उरल्या आणि सरळ पट्ट्यावरून दोघं सातव्याकडे सुटली. निळ्याने ब्रेक मारला. भिंगरीने मारला नाही. निळा वळायला लागला.

फळी करकरली.

मग आवाज आला, प्लास्टिकवर प्लास्टिक आदळल्याचा. भिंगरीच्या गाडीचं नाक निळ्याच्या मागच्या चाकावर बसलं, निळा आडवा होऊन टायरच्या भिंतीपर्यंत घसरत गेला आणि भिंगरी आतून निघून गेली. चार गाड्या गेल्यावर निळ्याने हात वर केला, गाडी सरळ केली आणि तो परत धावायला लागला. मामांचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

बावन्न सेकंद.

त्यांनी पॅड काढलं. पेन चालेना. झटकलं. डोळ्यांनी काय पाहिलं? तिचं पुढचं चाक निळ्याच्या मागच्या चाकाशी होतं. सीटपर्यंत? नाही. नक्की नाही? भाची म्हणून पाय जास्त घाबरला असेल. की भाची म्हणूनच आता डोळा सवलत मागतोय? दातही आपले आणि ओठही आपले, चावायचं कुणाला? पण दिवसभर दुसऱ्यांची मुलं आली तेव्हा याच पायावर त्यांनी विश्वास ठेवला होता. तेव्हा नाही शंका आली ती!

गाड्यांचा आवाज पट्ट्यावर परत वाढू लागला. मामांनी लिहिलं: "सातवं वळण. मागच्या गाडीचा हक्क नव्हता. ब्रेक उशिरा. धक्का चालणार नाही." सही केली तेव्हा भिंगरी समोरून गेली, पहिली.

ती जिंकली. तिची आई रेलिंगवर चढून ओरडत होती आणि मामा चिठ्ठी घेऊन पंचबाईंच्या खोलीकडे चालले होते. सख्ख्या बहिणीच्या समोरून जायला नको म्हणून ते शौचालयामागून वळसा घालून गेले.

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि पंखा. पंचबाईंपुढे दुसरी एक चिठ्ठी होती. सहाव्या वळणाच्या निरीक्षकाने लांबून पाहून लिहिलं होतं, "दोघं शेजारी-शेजारी. धक्का चालण्यासारखा." ट्रॅकवरच्या कॅमेऱ्यात सातव्याच्या टायरच्या थप्पीमागचं काहीच दिसत नव्हतं.

बाईंनी मामांची चिठ्ठी दोनदा वाचली. "तुमची सख्खी भाची ना?"

"हो."

"मामा, नियम असा आहे. नात्यातल्या माणसाने चिठ्ठी मागे घेतली तर ती फाडता येते. मग सहाव्याची एकटी राहील. तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही. उलट म्हणतील, माणूस बाजूला झाला, बरं केलं."

मामा बसले. साप मरत होता आणि काठीही मोडत नव्हती. खोटं बोलायचं नव्हतं, कुणाची बाजू घ्यायची नव्हती, फक्त हात झटकायचे होते. आणि वर चांगुलपणाचा शेरा मिळणार होता. इतका सोज्वळ मोह त्यांना जन्मात पडला नव्हता. बाहेर बहिणीचा आवाज येत होता, ती कुणाला तरी फोनवर सांगत होती, "गोदामाचं पत्र काढून टाकते आता, जागा अडवतंय."

"मागे घेऊ?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी तुमच्या जागी नाही, हेच माझं नशीब," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रुक्ष होता, पण नजर नव्हती.

मामांना निळ्याचा वर केलेला हात आठवला. तो पोरगा पहाटेपासून भट्टीपुढे उभा होता आणि त्याने काहीच चुकवलं नव्हतं.

"राहू द्या चिठ्ठी," मामा म्हणाले. "लांबून शेजारी दिसतं. मी चार हातांवर होतो."

भिंगरीला दहा सेकंदांची शिक्षा लागली. ती पाचवी आली. निळा सहावा होता, त्यालाही काही मिळालं नाही. पगारी जागा धक्क्याआधी तिसऱ्या नंबरवर आपल्या नादात चालवणाऱ्या आणि आता पहिली ठरलेल्या एका मुलीला गेली. तिला तीनदा सांगावं लागलं तेव्हा कुठे पटलं. मामांच्या बहिणीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती ओळखीच्या बाईच्या गाडीत बसून निघून गेली. मामांना रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही, नाकावर फक्त रुमाल धरला.

भिंगरी टायरच्या थप्पीमागे बसली होती. हातमोजे अजून हातात.

"तुला मागे घेता येत होती चिठ्ठी," ती म्हणाली.

"हो."

"बाईंनी विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

तिने शिव्या दिल्या असत्या तर मामांना सोपं गेलं असतं. तेच मग म्हणाले, "एक सांग. पाचव्याला तो इतक्या वेळा दार उघडं टाकत होता. आंधळ्यालाही दिसलं असतं. तिथे का नाही घुसलीस?"

"पाचव्याला झेंडा घेऊन तो खडूस सुतार उभा होता," भिंगरी म्हणाली. "केसभर लागलं तरी लिहितो." तिने मोजे काढले, एकावर एक ठेवले. "सातव्याला तू होतास ना."

"म्हणजे मी सोडून देईन असं वाटलं तुला?"

"तसं नाही रे मामा. तसला विचारच नव्हता केला." "तू तिथे आहेस एवढंच डोक्यात होतं. काही चुकलंच तर तू दाबशील, असं... मला माहितीये ते वेडेपणाचं आहे."

सव्वीस वर्षांत शेकडो माणसं मामांच्या शेजारी बसून शिकून गेली होती. चुकलं की गाडी थांबायची, आणि त्या सगळ्यांना वाटायचं की आपणच थांबवली.

निघताना शाळेची गाडी एकटीच उभी होती. भिंगरी सवयीने चालकाच्या जागी बसली. मामांनी पुढचं दार उघडलं, क्षणभर थांबले, ते लावून टाकलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

"मागे का बसलास?" तिने आरशातून विचारलं.

"चालव तू."

पहिल्या सिग्नलला पिवळा दिवा लागला. मामांचा उजवा पाय खाली गेला. तिथे नुसतं पायपुसणं होतं. गाडीचा वेग तसाच होता, अजून तसाच होता, आणि मग भिंगरीने स्वतः ब्रेक दाबला.