लेकरू आईला मारत होतं

तो दिवस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मे महिना होता. सडक अर्जुनीकडच्या एका ठाण्यात मी जमादार होतो आणि त्या दिवशी ठाणे अंमलदाराची ड्युटी माझ्याकडे होती. महामार्गावरच्या ढाब्यावरून फोन आला, "साहेब, लवकर या. पोरं धरणारी बाई सापडली. पब्लिक मारून टाकते तिले."

डायरीत नोंद करून, दोन शिपाई घेऊन निघालो. ढाब्यासमोर बस उभी होती. बाईच्या ओठातून रक्त येत होतं. दीड-दोन वर्षांचं पोरगं एका प्रवाशाने तिच्याकडून हिसकावून घेतलं होतं. ते गळा काढून रडत होतं. एक जण ओरडला, "माँ होती तो बच्चा ऐसा रोता क्या?" बाईला आणि पोराला गाडीत घातलं, तर जमाव मागोमाग ठाण्याच्या फाटकावर हजर.

बाईचं एकच म्हणणं, "माहा पोट्टा हाये, साहेब." नवऱ्याबरोबर चार महिने तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. पोर चिचगडकडच्या गावी सासूजवळ ठेवलं होतं. ती आदल्या दिवशी एकटी परत आली आणि सकाळीच पोराला घेऊन माहेरी लग्नाला निघाली. मिरचीचं खरं असावं, कारण तिने पदर झटकला तसा मला ठसका लागला. पण जवळ कागद एकही नाही.

पोराच्या गुडघ्यावर व्रण होता. विचारलं, हा कशाचा?

"मले नाही माहीत. मी नव्हती तवाचा असन."

आमचे फौजदार हसले. "आईला पोराच्या अंगावरची खूण माहीत नाही आणि पोर आईला ओळखत नाही. जमादार, गुन्हा दाखल करा. पोरगं गोंदियाला, बाल कल्याण समितीसमोर."

बाईने माझे पाय धरले. "एकदा नेलं तं मले वापस देतीन का?"

मी तिच्या सासरच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. तो म्हणाला, "तिची म्हातारी सासू जंगलात तेंदूची पानं तोडून राहिली. घेऊन येतो." फोनवरच्या शब्दावर फौजदार तिला सोडणार नव्हते, म्हणजे वाट पाहणं आलं. बाहेर लोक फाटक हलवत होते.

पोरगं महिला शिपायाच्या मांडीवर होतं. अंग चोरून, मान खाली घालून गप्प. तिने त्याला खाली सोडलं. ते थेट बाईकडे गेलं आणि फाडकन तिच्या तोंडावर चापट मारली. तिने बिस्किट दिलं, ते फेकलं. पाठ फिरवली, पण बसलं तिच्याच पायाशी. ती पाणी प्यायला उठली, तर किंचाळत दारापर्यंत मागे धावलं. ती बसली की पुन्हा मारायला लागलं.

मी म्हणालो, "साहेब, आपल्याला हे पोर भ्यालं आहे. तिच्यावर चिडलं आहे. परक्या बाईवर इतकं कशाला चिडेल? ती टाकून गेली, त्याचा राग आहे हा."

"कोर्टात हे सांगाल?"

"नाही. पण म्हातारी येईपर्यंत कागद करू नका."

ते कुरकुरले, पण थांबले.

पोलीस पाटलाच्या मोटारसायकलवरून म्हातारी उतरली. पोराने तिच्याकडे झेप घेतली. फाटकावर पुन्हा गलका झाला, "देखा? दादी को पहचाना!"

म्हातारी गर्रकन वळली. "काऊन बोंबलून राहिले रे? सून हाये माही! इनंच जनला त्याले!" मग सुनेवर घसरली, "म्हनलं होतं ना तुले, चार दिवस राय, लेकराले तुही सवय होऊ दे? कायले घाई केली?"

"भावाचं लगन हाये ना, माय," सून म्हणाली आणि तेव्हा कुठे रडली.

म्हातारीचा आणि पाटलाचा जबाब घेतला. मारहाण करणाऱ्या दोघांवर गुन्हा नोंदवला, तसे बाकीचे पांगले. म्हातारी सुनेबरोबरच लग्नाला निघाली. बसमध्ये चढताना पोरगं आजीच्या कडेवर होतं. एका मुठीत आईचा पदर घट्ट धरलेला, दुसऱ्या हाताने तिला मारणं चालूच.

पुढे जबाब घेताना मी एक बघायचो, माणूस कोणावर चिडतो. ज्याचं कोणी लागत नाही, त्याच्यावर माणूस एवढा जीव खाऊन चिडत नाही.

मागच्या वर्षी माझी बायको गेली. मला रडू आलं नाही, रागच आला. मला एकट्याला ठेवून गेली कशी? तिचा फोटो मी भिंतीकडे तोंड करून ठेवला. भेटायला आलेले लोक म्हणाले, काय दगड माणूस आहे. फोटो अजून तसाच आहे, पण माझ्या उशाशी आहे.